‘देअर इज’ आणि त्याचीं भावंडें

इंग्रजी व्याकरणांतील मोठमोठ्या नियमांविषयीं आमच्याकडे फारशीं पत्रें येत नाहींत; येतात तीं लहान शब्दांविषयीं. हें योग्यच आहे. मोठ्या नियमाशीं गांठ परीक्षेपुरती पडते, लहान शब्दाशीं ती रोजची असते. या खेपेस एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ आणि ‘द बुक इज ऑन द टेबल’ या दोन वाक्यांत फरक तो काय? घरांतील मुलाच्या वहींत दोहोंचें भाषांतर एकच केलेलें त्यांस आढळलें, आणि दोहोंपुढें ‘बरोबर’ची खूणहि होती.

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु एखादी वस्तु ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ हें ज्या वाक्यांनीं सांगावयाचें, त्या सर्वच वाक्यांचा हा प्रश्न आहे. वैद्यकीय अहवाल वाचतांना, किंवा एखाद्या मनुष्याला जाब विचारतांना, तो किती मोठा होतो हें आम्ही शेवटीं दाखवूं. आधीं व्याकरण पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, या ‘देअर’चा अर्थ ‘तेथें’ असा नव्हे. मूळचा हा शब्द स्थलवाचक खरा. पण या रचनेंत त्याची स्थलवाचकता झिजून गेली आहे. पुरावा हवा असल्यास ‘देअर इज अ स्नेक हिअर’ हें वाक्य घ्यावें. ‘येथें साप आहे’ असें ओरडणारा मनुष्य ‘तेथें’ आणि ‘येथें’ हे दोन्ही शब्द एका दमांत कसे उच्चारील? उच्चारांतहि भेद आहे. बोट दाखवून ‘देअर इज द स्टेशन’ म्हणतांना ‘देअर’वर जोर पडतो, ‘देअर इज अ स्टेशन निअर अवर हाउस’ म्हणतांना तोच शब्द इतका हलका उच्चारला जातो कीं, तो ऐकूं येईल न येईल.

मग हा शब्द करतो तरी काय? तो जागा राखतो. संस्कृतांत क्रियापद उच्चारलेलें नसलें तरी तेथें ‘अस्ति’ आहेच असें समजावें, असें महाभाष्यांत सांगितलें आहे. मराठींतहि आपण कर्ता किंवा क्रियापद गाळून खुशाल बोलतों. इंग्रजीस ही सवलत नाहीं. तिला क्रियापद हवें आणि त्याच्या अलीकडे कर्त्याची जागा भरलेलीहि हवी. पंगतींत मानाच्या पाटावर पंचपात्री ठेवून जागा धरावी, त्याप्रमाणें ‘देअर’ हा कर्त्याचा पाट धरून ठेवतो. खरा मानकरी मागाहून येतो. म्हणूनच ‘होय ना?’ अशा अर्थाचा प्रश्न वाक्याच्या शेवटीं जोडावयाचा झाल्यास ‘इझन्ट देअर?’ असें त्यालाच पुढें करतात. क्रियापद मात्र मागाहून येणाऱ्या नामाच्या वचनाप्रमाणें चालतें: ‘देअर इज अ मँगो’, पण ‘देअर आर टेन मँगोज’. नामें अनेक असलीं तर बहुधा जवळचें नाम पाहतात: ‘देअर इज अ पेन अँड टू बुक्स’. बोलण्याच्या ओघांत इंग्रज लोक ‘देअर्स टेन मँगोज’ असेंहि सर्रास म्हणतात. त्यांच्या बोलण्यास नांवें ठेवूं नयेत. पण आपल्या लेखनांत तें आणूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ हें वाक्य ऐकणाऱ्यास त्या पुस्तकाची पूर्वीं वार्ता नसते. बोलणारा तें प्रथमच त्याच्यापुढें आणतो. ‘द बुक इज ऑन द टेबल’ या वाक्यांत पुस्तक दोघांच्याहि ओळखीचें आहे. तें कोठें आहे, एवढेंच सांगावयाचें असतें. पहिलें वाक्य ‘टेबलावर काय आहे?’ या प्रश्नाचें उत्तर. दुसरें ‘पुस्तक कोठें आहे?’ या प्रश्नाचें. हा भेद मराठीला अपरिचित आहे असें मात्र कोणी समजूं नये. इंग्रजी तो ‘देअर’नें आणि ‘अ’ व ‘द’ यांनीं दाखविते, मराठी तो शब्दांच्या क्रमानें दाखविते. ‘टेबलावर पुस्तक आहे’ हें पहिलें. ‘पुस्तक टेबलावर आहे’ हें दुसरें. श्रावणांतील कहाणींत आधीं आटपाट नगर असतें, मग त्या नगरांत एक राजा असतो. ‘राजा नगरांत होता’ अशी सुरुवात कोणतीहि आजी करीत नाहीं. कारण मग ऐकणारीं मुलें विचारतील, ‘आजी, कोणता राजा?’ संस्कृतांत एरवीं वाक्याच्या शेवटीं येणारें क्रियापद पंचतंत्र-हितोपदेशांतील अनेक कथांच्या आरंभीं ‘अस्ति’ या रूपानें अग्रस्थानीं येतें. कालिदासाच्या कुमारसंभवाचा तर पहिला शब्दच ‘अस्ति’ हा आहे. तेथें हिमालय कोठें आहे एवढेंच सांगावयाचें नसून हिमालय वाचकांपुढें उभा करावयाचा आहे.

यावरून नियम निघतो तो असा: ‘देअर इज’ याच्या पुढें ‘अ’, ‘सम’, ‘मेनी’, ‘नो’ किंवा संख्यावाचक शब्द यावा, ‘द’, ‘माय’, ‘दिस’ अथवा विशेषनाम सहसा येऊं नये. जी वस्तु ओळखीची आहे तिची नव्यानें ओळख करून देणें विसंगत होय. डेन्मार्कचे व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनीं १९२४ सालच्या ‘फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथांत अशा वाक्यांस अस्तित्ववाचक वाक्यें म्हणून वेगळें काढून त्यांचा विचार केला. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी मिल्सार्क यांनीं याच विषयावर आपला प्रबंध लिहिला. नियमास एक अपवाद आहे. यादी सांगतांना किंवा आठवण करून देतांना ओळखीची वस्तुहि ‘देअर’च्या मागें येते. ‘आई, खायला काय आहे?’ असें मुलानें विचारल्यावर ‘देअर आर द लाडूज युवर आंट सेंट’ असें म्हणणें शुद्ध आहे. आत्यानें पाठविलेले लाडू त्याला ठाऊक आहेत. तो विसरला होता, इतकेंच.

‘देअर इज’ आणि ‘इट इज’ यांचाहि घोटाळा मुलें करितात. ‘देअर’ नवीन वस्तु पुढें आणतो. ‘इट’ पुढें आलेल्या वस्तूची ओळख पटवितो. ‘देअर वॉज अ नॉक अ‍ॅट द डोअर, इट वॉज द पोस्टमन.’ दारावर थाप पडली, ही बातमी पहिल्या अर्ध्या भागानें दिली. थाप मारणारा कोण, हें दुसऱ्यानें सांगितलें. वेळ, हवा व अंतर यांसाठीं ‘इट’ योजतात: ‘इट इज लेट’, ‘इट इज कोल्ड’. पण विशेषण जाऊन नाम आलें कीं बहुधा ‘देअर’ येतो. धुकें पडलें आहे, हें सांगतांना ‘इट इज फॉगी’ असें म्हणावें, किंवा ‘देअर इज फॉग ऑन द रोड’ असें म्हणावें. ‘इट इज फॉग ऑन द रोड’ म्हटल्यास, रस्त्यावर कांहींतरी अंधुक दिसत होतें आणि तें धुकें आहे असें आतां ओळखूं आलें, असा निराळाच अर्थ होईल.

आमच्या मुलांची खरी अडचण होते ती ‘हॅव’पाशीं. मला दोन भाऊ आहेत, माझ्याजवळ पैसे आहेत, मला ताप आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत: या साऱ्यांचें काम मराठी एका ‘आहे’वर भागविते, आणि संबंध कोणत्या प्रकारचा हें विभक्तीवर सोंपविते. संस्कृताचीहि रीत हीच. ‘मम द्वौ भ्रातरौ स्तः’ असें तेथें म्हणतात. इंग्रजींत हीं सर्व वाक्यें ‘हॅव’च्या अमलाखालीं जातात. ‘टु मी देअर आर टू ब्रदर्स’ हें मराठीचें इंग्रजी सोंग होय. ‘आय हॅव टू ब्रदर्स’ हेंच खरें. उलट ‘इन अवर हाउस हॅव फाइव्ह रूम्स’ हेंहि चूक, कारण तेथें कर्त्याचा पाटच रिकामा राहिला. खिडकी हें खोलीचें अंग असल्यामुळें ‘द रूम हॅज टू विंडोज’ व ‘देअर आर टू विंडोज इन द रूम’ हीं दोन्ही चालतात. पुस्तक हें टेबलाचें अंग नव्हे. म्हणून ‘द टेबल हॅज अ बुक’ एवढ्यानें भागत नाहीं, पुढें ‘ऑन इट’ अशी पुस्ती जोडावी लागते. इतर भाषांनीं याच प्रसंगीं निरनिराळ्या युक्त्या योजिल्या आहेत. फ्रेंचांच्या ‘इल या’चा शब्दशः अर्थ ‘तें तेथें बाळगतें’ असा होतो. जर्मनांच्या ‘एस गिप्ट’चा ‘तें देतें’ असा. शब्दशः भाषांतर हा मार्ग या प्रांतांत कोणालाच उपयोगी पडत नाहीं.

‘देअर एक्झिस्ट्स’ हा प्रयोग भारदस्त वाटतो, म्हणून निबंध लिहिणारीं मुलें तो जेथें तेथें घालतात. ‘देअर एक्झिस्ट्स कर्ड इन द पॉट’ असें कोणी लिहिल्यास, दही या पदार्थाच्या अस्तित्वाविषयींच विद्वानांत वाद चालला होता कीं काय, असें वाटेल! ‘एक्झिस्ट’ म्हणजे या जगांत असणें; भांड्यांत किंवा टेबलावर असणें नव्हे. त्याचें खरें घर शास्त्रांत आहे. मूळसंख्यांची कोणतीहि मर्यादित यादी केली तरी तिच्याबाहेर आणखी एक मूळसंख्या असतेच, हें युक्लिडनें सिद्ध केलें. अशा ठिकाणीं ‘देअर एक्झिस्ट्स’ शोभतें. ‘अस्तित्वांत आहे’ या अर्थीं उलट्या ‘ई’ अक्षराची खूण इटालियन गणिती जुझेप्पे पेआनो यांनीं १८९७ सालीं योजिली, व ती तर्कशास्त्रांत आणि गणितांत आजहि चालू आहे. संस्कृत जाणणाऱ्यांस ही छटा नवी नाहीं. ‘अस्ति’च्या शेजारीं ‘विद्यते’ आहेच, व त्याचा मूळ अर्थ ‘सांपडतें’ असा आहे.

आतां काळाविषयीं. ‘देअर वॉज अ वेल हिअर’ म्हणजे येथें विहीर होती. आज ती आहे कीं नाहीं, याविषयीं वाक्य मुकें आहे. ‘देअर यूस्ड टु बी अ वेल हिअर’ म्हणजे पूर्वीं विहीर असे, आतां ती नाहीं. घटनेचें नाम आलें म्हणजे तर ‘देअर इज’ याचें मराठी ‘आहे’ असें न होतां ‘होणें’ या धातूनें करावें लागतें. ‘देअर वॉज अ क्वॉरल’ म्हणजे भांडण झालें. ‘भांडण होतें’ नव्हे. ‘देअर हॅज बीन अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’ म्हणजे अपघात झाला आहे, आणि त्याची निकड अजून संपलेली नाहीं. कोणीतरी धांवून जावयास हवें. ‘देअर वॉज अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’ ही मागली हकीकत झाली. दूरध्वनीवरून निरोप घेणाऱ्यानें हा फरक ओळखिला नाहीं, तर मदत उशिरा निघेल. याच्या उलट, मराठी जेथें ‘आहे’ आणि ‘असतें’ असे दोन शब्द योजते तेथें इंग्रजी एकावरच थांबते. बाहेर आज धुकें ‘आहे’ आणि घाटांत हिंवाळ्यांत धुकें ‘असतें’, या दोन्ही ठिकाणीं इंग्रजींत ‘देअर इज’च. म्हणजे दोन भाषांपैकीं एक बारीक व दुसरी जाड, असा प्रकार नसून प्रत्येकीची बारकाई निरनिराळ्या जागीं आहे.

आतां ‘नाहीं’. वस्तु नाहीं असें सांगण्याचे इंग्रजींत अनेक प्रकार आहेत, आणि हल्लीं घरोघरीं येणाऱ्या वैद्यकीय अहवालांत त्यांची गांठ पडते. ‘देअर इज नो ट्यूमर’ म्हणजे गांठ नाहीं. ‘नो ट्यूमर वॉज सीन’ म्हणजे गांठ दिसली नाहीं. ‘देअर इज नो एव्हिडन्स ऑफ डिसीज’ म्हणजे रोगाचें चिन्ह आढळलें नाहीं. या तिसऱ्या वाक्यांत ‘देअर इज नो’ हे शब्द चिन्हाला लागू आहेत, रोगाला नव्हेत. आणि नेमकें तेंच वाचणाऱ्याच्या नजरेंतून निसटतें. कर्करोगावरील उपचारांनंतर डॉक्टर हें वाक्य लिहितात, तें केलेल्या तपासण्यांत रोगाची खूण सांपडली नाहीं, एवढेंच प्रामाणिकपणें सांगण्यासाठीं. ती आनंदाची बातमी आहे, यांत शंका नाहीं. परंतु घरच्या मंडळींनीं त्याचें भाषांतर ‘रोग समूळ गेला’ असें करून पुढील तपासण्या सोडून दिल्या, तर व्याकरणांतील ही लहानशी चूक लहान राहत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं केलेला आहे. वस्तूचा अभाव कशानें कळतो? भाट्ट मीमांसक व अद्वैती ‘अनुपलब्धि’ हें त्याचें स्वतंत्र प्रमाण मानतात. पण कोणतीहि अनुपलब्धि चालत नाहीं. ती ‘योग्य’ असली पाहिजे, म्हणजे वस्तु तेथें असती तर ती खचित दिसली असती, अशी परिस्थिति पाहिजे. उजेडांत समोरच्या जमिनीवर घडा दिसत नाहीं, म्हणून घडा नाहीं, हें अनुमान नसून निश्चित ज्ञान होय. पिशाच दिसत नाहीं म्हणून तें येथें नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. कारण तें असतें तरी दिसलेंच असतें असें नाहीं. ‘देअर इज नो’ आणि ‘देअर इज नो एव्हिडन्स ऑफ’ यांतील अंतर हें घडा आणि पिशाच यांमधील अंतर आहे. अहवाल हातीं आला म्हणजे डॉक्टरांस एकच प्रश्न विचारावा: ‘तें असतें तर या तपासणींत दिसलेंच असतें काय?’

शेवटची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ‘देअर इज’ या वाक्यानें केलेलें विधान ऐकणारा नाकारूं शकतो. ‘नाहीं हो, तेथें कांहीं नाहीं’ असें तो म्हणेल. ‘द’ या शब्दानें मात्र अस्तित्व गृहीत धरून पुढची गोष्ट सुरू होते. बर्ट्रंड रसेल यांनीं १९०५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत फ्रान्सच्या ‘सध्याच्या’ राजाला टक्कल आहे काय, असा प्रश्न चर्चेस घेतला. फ्रान्सला राजाच नाहीं. मग ‘आहे’ म्हटलें तरी फसलों आणि ‘नाहीं’ म्हटलें तरी फसलों! रसेल यांच्या मतें तें विधान असत्य ठरतें, पी. एफ. स्ट्रॉसन यांनीं १९५० सालीं असें प्रतिपादन केलें कीं, तेथें सत्यासत्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. हा वाद पंडितांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंत एलिझाबेथ लॉफ्टस व ग्विडो झानी यांनीं कांहीं लोकांस मोटार-अपघाताचा चित्रपट दाखवून नंतर प्रश्न विचारले. फुटलेला दिवा पाहिला काय, या प्रश्नांत कांहीं जणांस दिव्यामागें ‘अ’ लावून विचारलें आणि कांहीं जणांस ‘द’. जी वस्तु चित्रपटांत नव्हतीच तीहि पाहिल्याचें ‘द’ ऐकलेल्या लोकांनीं अधिक प्रमाणांत सांगितलें. एका अक्षरानें साक्षीदाराच्या आठवणींत दिवा फोडला.

हें न्यायालयांतच घडतें असें नाहीं. डब्यांतील अंगठी सांपडत नाहीं, आणि घरांत पहिला प्रश्न निघतो, ‘अंगठी कोणीं घेतली?’ या एका प्रश्नांत तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: डब्यांत अंगठी होती, ती गेली, आणि ती कोणीतरी नेली. त्यांपैकीं एकहि सिद्ध झालेली नाहीं. प्रश्न विचारतांना नजर बहुधा कामाच्या बाईकडे वळलेली असते. तिला ‘मीं नाहीं घेतली’ इतकेंच म्हणतां येतें. डब्यांत अंगठी नव्हतीच, असें म्हणावयास त्या प्रश्नानें जागाच ठेविलेली नसते. त्याऐवजीं ‘डब्यांत अंगठी होती का?’ असा ‘वॉज देअर’च्या जातीचा प्रश्न सर्वांस मिळून आधीं विचारला, तर कदाचित् सासूबाईच म्हणतील, ‘अग, ती तर मीं मागल्या आठवड्यांत सोनाराकडे दिली.’ आणि एका गरीब बाईच्या मनाला लागणारा डाग टळेल.

तेव्हां आमच्या भगिनींस उत्तर असें कीं, त्या दोन वाक्यांचें भाषांतर एक नव्हे. एक वस्तु पुढें मांडतें. दुसरें ती मांडलेली आहे असें धरून चालतें. जें दोघांनाहि ठाऊक आहे त्याला ‘द’ लावावा, जें अजून सांगावयाचें अथवा ठरावयाचें आहे त्याला ‘देअर इज’नें पुढें आणावें, आणि जें केवळ आढळलें नाहीं त्याला ‘नाहीं’ म्हणूं नये.

घरांतील मुलांसाठीं पांच वाक्यें देतों. त्यांचें इंग्रजी करून पाहावें. कपाटांत औषध आहे. औषध कपाटांत आहे. येथें पूर्वीं चिंचेचें झाड होतें, आतां नाहीं. शेजारीं भांडण झालें आहे. मला दोन बहिणी आहेत. उत्तरें पुढील अंकीं देऊं.